रंग गेला म्हणजे पाणी साफ झालं का? फोटोकॅटॅलिस्ट खऱ्या पाण्यात का अडतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही फोटोकॅटॅलिस्ट म्हणून, म्हणजे प्रकाश पडला की पाण्यातली घाण मोडणारी पावडर म्हणून, सिल्व्हर डोप केलेलं (थोडं सिल्व्हर मिसळलेलं) झिंक ऑक्साइड हायड्रोथर्मल पद्धतीने (बंद भांड्यात गरम पाण्यात) बनवलंत, झेनॉन लॅम्पला ४२० नॅनोमीटरचा कटऑफ फिल्टर लावलात (म्हणजे यूव्ही अडवून दिसणारा प्रकाशच सोडलात), आणि डिस्टिल्ड वॉटरमधला १० मिलिग्रॅम प्रति लिटर मिथिलीन ब्लू (निळा डाय, म्हणजे रंग) ६० मिनिटांत ९७ टक्के गेला. मग तीच पावडर विहिरीच्या पाण्यात टाकली, त्यात १०० मायक्रोग्रॅम प्रति लिटर कार्बामाझेपीन (फिटवरचं औषध) घातलं, तर २ तासांत १५ टक्के पण कमी झालं नाही. गाईड म्हणतायत मटेरियल बदला, आणि तुम्ही विचारताय की ग्राफिटिक कार्बन नायट्राइड घेऊ की बिस्मथ व्हॅनाडेट.

माझं सरळ मत, आत्ता काहीच बदलू नका. मी या कामात १६ वर्षं आहे, आधी लॅबमध्ये पावडरी बनवायचे आणि नंतर पायलट रिअॅक्टर, आणि मटेरियल बदलून हा प्रश्न सुटलेला मी फार क्वचित बघितलाय, उलट एका मटेरियलवरून दुसऱ्यावर उड्या मारण्यात पीएचडीची दोन-दोन वर्षं गेलेली मुलं बघितलीत. तुमच्या दोन आकड्यांमध्येच बरीच माहिती दडलीय, ती आधी बाहेर काढू.

पावडर काय करते ते पटकन सांगते, तुम्हाला माहीत असेल पण पुढचा हिशोब त्यावरच उभा आहे. सेमीकंडक्टरवर पुरेशा ऊर्जेचा फोटॉन पडला की इलेक्ट्रॉन वरच्या बँडमध्ये उडी मारतो आणि खाली रिकामी जागा उरते, तिला होल म्हणतात. होल पाण्याकडून किंवा पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल (समोर येईल त्या रेणूला मोडू बघणारा, अतिशय क्रियाशील तुकडा) तयार होतो, तिकडे इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनकडे जातो. पण हे सगळं व्हायच्या आतच बहुतेक इलेक्ट्रॉन आणि होल परत एकमेकांना भेटून संपून जातात, म्हणून १०० फोटॉन शोषले तरी कामाचे रॅडिकल त्यातून एखाद-दोन निघतात असंच धरून चालायचं. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर यूव्ही टाकून पाणी फोडून दाखवलं तिथून हे क्षेत्र पेटलं, आणि त्यानंतर चार-पाच वर्षांतच पाण्यातले पीसीबी (क्लोरीन असलेली विषारी रसायनं) आणि सायनाइड यांच्यावर टायटॅनिया (हेच टायटॅनियम डायऑक्साइड) आणि प्रकाश वापरल्याचे पेपर आले. म्हणजे पाणी साफ करायची ही कल्पना जवळपास ५० वर्षं जुनी आहे, तरी मोठे प्लांट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. याचं कारण चांगलं मटेरियल सापडलं नाही एवढंच असतं तर एव्हाना सापडलं असतं हो.

आता तुमचे आकडे. मिथिलीन ब्लू १० मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे साधारण ३१ मायक्रोमोल. त्यातले ९७ टक्के तासाभरात खरोखर हायड्रॉक्सिल रॅडिकलने मोडले असतील, तर एका रेणूला एकच रॅडिकल लागला असं अगदी कंजूषपणे धरलं तरी तुमची पावडर तासाला लिटरमागे किमान ३० मायक्रोमोल रॅडिकल बनवतेय. आता विहिरीच्या पाण्यात या. तिथे कार्बामाझेपीन आहे फक्त ०.४२ मायक्रोमोल, पण त्याच्या जोडीला बायकार्बोनेट आहे, आणि थोडा नैसर्गिक सेंद्रिय कार्बन आहे. बायकार्बोनेट २४४ मिलिग्रॅम प्रति लिटर धरा, म्हणजे ४ मिलिमोल, भूजलात एवढं सहज असतं. हायड्रॉक्सिल रॅडिकलशी त्याचा रेट कॉन्स्टंट (अभिक्रिया किती वेगाने होते तो आकडा) ८५ लाख आहे (प्रति मोलर प्रति सेकंद), तर कार्बामाझेपीनचा जवळपास ९०० कोटी, म्हणजे एकास एक लढत असती तर औषध हजारपटीने जिंकलं असतं. पण बायकार्बोनेट संख्येनेच इतकं जास्त आहे की गुणाकार केला की बायकार्बोनेटच्या वाट्याला ३४ हजार प्रति सेकंद येतात आणि औषधाच्या वाट्याला ३ हजार ७००. त्यात १ मिलिग्रॅम सेंद्रिय कार्बनचे अजून २५ हजार मिळवा. म्हणजे १७ रॅडिकल तयार झाले तर त्यातला एक औषधाला लागतो, बाकी १६ वाया.

हा १७ चा आकडा बघून तुम्ही म्हणाल, झालं, हेच कारण. पण थांबा, इथेच गंमत आहे. तासाला ३० मायक्रोमोल रॅडिकल बनत असतील आणि १७ पैकी एकच औषधाला लागत असेल तरी १.७ मायक्रोमोल औषधापर्यंत पोचायला हवेत, आणि औषध आहे ०.४२. म्हणजे एवढे सगळे वाटेकरी असूनही पहिल्या तासातच बहुतेक औषध संपायला हवं होतं. तुमच्याकडे २ तासांत १५ टक्के. मग याचे दोनच अर्थ निघतात. एक तर डिस्टिल्ड वॉटरमध्येसुद्धा तेवढे रॅडिकल कधी तयारच झाले नव्हते आणि निळा रंग दुसऱ्याच कुठल्या वाटेने गेला, किंवा रॅडिकल बनत होते पण विहिरीच्या पाण्यात गेल्यावर पावडरच्या पृष्ठभागाचं काहीतरी बिघडलं. (हा हिशोब पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या रॅडिकलसाठीचा आहे, पावडरच्या पृष्ठभागावर चित्र थोडं वेगळं असतं, पण आपल्याला इथे फक्त आकड्यांचा अंदाज हवाय आणि तेवढ्यासाठी तो पुरतो.)

मला पहिल्या अर्थाचा जास्त संशय आहे आणि त्याला कारण तुमचा फिल्टर आहे. झिंक ऑक्साइडचा बँड गॅप (इलेक्ट्रॉनला वरच्या बँडमध्ये न्यायला लागणारी ऊर्जा) ३.२ ते ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट, १२४० ला त्याने भागा, ३८० नॅनोमीटरच्या आसपास येतं. त्याच्यापेक्षा लांब तरंगलांबीचा प्रकाश त्याला दिसतच नाही, आणि तुम्ही ४२० च्या खालचं सगळं कापलंय. सिल्व्हरमुळे थोडं शोषण वाढतं हे खरं, पण शोषण वाढलं म्हणजे तिथे होल तयार होऊन पाणी ऑक्सिडाइज करतोय असं होत नाही. उलट मिथिलीन ब्लू स्वतःच ६६४ नॅनोमीटरला दणकून शोषतो. मग होतं असं की डायच प्रकाश खातो, डायच उत्तेजित होतो, डायच आपला इलेक्ट्रॉन झिंक ऑक्साइडला देऊन टाकतो आणि स्वतः मोडतो. याला डाय सेन्सिटायझेशन म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं व्हिजिबल लाइट कॅटॅलिस्ट मिळाला, पण त्या जागी बिनरंगाचं औषध ठेवलं की ते व्हिजिबल प्रकाश शोषतच नाही, त्यामुळे सगळं जागच्या जागी थांबतं. तुमच्याकडे हेच झालेलं दिसतंय.

मिथिलीन ब्लूचे अजून दोन त्रास आहेत. एक म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळाले की तो ल्युको रूपात जातो आणि रंगहीन होतो, रेणू जवळपास तसाच शाबूत असतो. ही तपासणी तर फुकट आहे, रंग गेलेल्या सॅम्पलमधून पावडर काढा, अंधारात ठेवा, हवेचे बुडबुडे १५-२० मिनिटं सोडा आणि परत ६६४ ला मोजा. निळा परत आला तर काय ते कळलंच. दुसरं म्हणजे तो चिकटतो, पावडरला, काचेला, आणि सिरिंज फिल्टरलासुद्धा. फिल्टर करून मोजत असाल तर एकदा नुसतं डायचं सोल्युशन, पावडर न घालता, त्याच फिल्टरमधून काढून बघा किती कमी येतं ते, हे बघून मी एकदा अख्ख्या महिन्याचा डेटा बाजूला ठेवलाय. पहिले दोन-तीन मिली टाकून द्यायची सवय लावा, किंवा सरळ सेंट्रीफ्यूज करा. रंगाचा टेस्ट पूर्ण वाईट आहे असं मी म्हणत नाही, आयएसओ १०६७८ या स्टँडर्डमध्येसुद्धा मिथिलीन ब्लूच वापरतात, पण तो लेप दिलेल्या पृष्ठभागांसाठी आहे आणि तिथे यूव्ही टाकतात, म्हणजे जिथे डाय स्वतः फारसं शोषत नाही. व्हिजिबल लाइटखाली डायवर दाखवलेली अॅक्टिव्हिटी मी तरी पुरावा म्हणून धरत नाही.

म्हणून तुमचा पुढचा प्रयोग एकच, आणि तो उद्याच करा. तेच १०० मायक्रोग्रॅम कार्बामाझेपीन, पण डिस्टिल्ड वॉटरमध्ये. एकदा फिल्टर लावून, एकदा फिल्टर काढून, आणि जमलं तर ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही एलईडीखाली. सोबत तीन ब्लँक (तुलनेचे संच): पावडर आहे पण अंधार, प्रकाश आहे पण पावडर नाही, आणि दोन्ही नाहीत. अंधारातला ३० मिनिटांचा अॅडसॉर्प्शनचा (पावडरला चिकटायचं ते चिकटून घेण्याचा) वेळ झाल्यावर जी कॉन्सन्ट्रेशन येते ती तुमची सुरुवात, बाटलीवर लिहिलेली नव्हे. प्रकाश-पण-पावडर-नाही हा ब्लँक कार्बामाझेपीनला सपाट येईल, पण उद्या डायक्लोफिनॅक घेतलंत तर ते नुसत्या उन्हातसुद्धा मोडतं, आणि त्याचं श्रेय चुकून पावडरला जातं. फिल्टर लावून काही हललं नाही आणि यूव्हीमध्ये भराभर गेलं, तर तुमची पावडर साधं यूव्ही मटेरियल आहे, तसं मान्य करा आणि पुढे चला, त्यात काही कमीपणा नाही. जगभर तुलनेसाठी वापरली जाणारी पी-२५ ही टायटॅनियाची पावडर (सुमारे २१ नॅनोमीटरचे कण, साधारण ८० टक्के अॅनाटेज आणि २० टक्के रुटाइल, हे त्याचे दोन स्फटिक प्रकार) तीही यूव्हीचीच आहे. ती शेजारी ठेवूनच सगळं मोजा. पी-२५ चा कॉलम नसलेला आलेख मला कुणी दाखवला तर मी आधी तोच मागते.

यूव्हीमध्ये डिस्टिल्ड वॉटरला छान गेलं आणि विहिरीच्या पाण्यात नाही, असं निघालं तर मग दुसरा अर्थ, म्हणजे पृष्ठभाग. विहिरीच्या पाण्यात क्लोराइड असतं, ते सिल्व्हरला भेटलं की सिल्व्हर क्लोराइड, तुमचा मेहनतीने बसवलेला धातूचा ठिपका तो राहतच नाही. फॉस्फेट असेल तर ते झिंकला धरून बसतं. कॅल्शियममुळे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, आणि मग ५० चौरस मीटर प्रति ग्रॅम वगैरे जे पृष्ठफळ तुम्ही कोरड्या पावडरवर मोजलं होतं ते पाण्यात उरत नाही, बीकर डोळ्यांनी बघितला तरी कळतं, ५ मिनिटांत खाली बसायला लागलं की समजायचं. पीएच तर सगळ्यात आधी बघायला हवा. टायटॅनिया पीएच ६.३-६.५ च्या वर निगेटिव्ह होतो, त्यामुळे साध्या ७.५ पीएचच्या पाण्यात पॉझिटिव्ह चार्जचा मिथिलीन ब्लू त्याच्याकडे ओढला जातो आणि डायक्लोफिनॅकसारखं निगेटिव्ह औषध लांब ढकललं जातं. कार्बामाझेपीनला चार्जच नाही, ते कुणाकडे ओढलं जात नाही, आणि म्हणूनच ते चांगलं परीक्षक आहे. झिंक ऑक्साइडचा चार्ज पलटण्याचा हा पीएच ९ च्या आसपास, म्हणजे चित्र उलटं.

आणि झिंक ऑक्साइडबद्दल एक गोष्ट स्पष्टच सांगते, मला ते पाण्यासाठी आवडत नाही. स्वस्त आहे, बनवायला सोपं आहे, फ्लॉवर, रॉड, हव्या त्या आकारात येतं, म्हणून दर दुसऱ्या थीसिसमध्ये असतं. पण ते आम्लात विरघळतं, जास्त अल्कलीत विरघळतं, आणि प्रकाशात त्याचा होल पाण्याऐवजी स्वतःच्याच जाळीला खातो, झिंकचे आयन पाण्यात सुटतात. कॅडमियम सल्फाइडचं तर याहून वाईट, तिथे सुटतं ते कॅडमियम. पाणी साफ करायला निघालो आणि पाण्यात धातू सोडून आलो, हे मला पटत नाही. तुमच्या पाचव्या सायकलनंतरच्या (तीच पावडर पाचव्यांदा वापरल्यावरच्या) पाण्यात झिंक आणि सिल्व्हर किती ते आयसीपी-एमएसवर (अगदी कमी धातूसुद्धा मोजणाऱ्या यंत्रावर) मोजल्याशिवाय ‘रीयूजेबल’ हा शब्द कृपया लिहू नका. एक्सआरडीचे (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना बघायची चाचणी) पीक तसेच आहेत म्हणून मटेरियल स्थिर, हा पुरावा पुरत नाही, दोन-तीन टक्के विरघळलं तरी एक्सआरडीला काही दिसणार नाही.

आता तुम्ही विचारलेली दोन मटेरियल. ग्राफिटिक कार्बन नायट्राइडचा गॅप २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ४६० नॅनोमीटरपर्यंत चालतं, धातू नाही, मेलामाइन किंवा युरिया भाजून होतं, मला ते आवडतं. पण त्याच्या होलमध्ये पाण्यातून सरळ हायड्रॉक्सिल रॅडिकल काढण्याइतका जोर नाही, तिथलं काम मुख्यतः सुपरऑक्साइड (इलेक्ट्रॉन मिळालेला ऑक्सिजन) आणि इतर वाटांनी होतं, त्यामुळे ते निवडक आहे, एखादं औषध पटकन मोडेल आणि दुसऱ्याला हात लावणार नाही. बिस्मथ व्हॅनाडेटचा गॅप २.४ आणि होल तगडा, पण त्याचा इलेक्ट्रॉन इतक्या खालच्या पातळीवर असतो की ऑक्सिजनला तो सहजी देता येत नाही, मग इलेक्ट्रॉन साठत जातात आणि परत होलला भेटतात. हे दोन्हीकडे असंच असतं, गॅप कमी केला की जास्त प्रकाश खाता येतो पण इलेक्ट्रॉन आणि होलची ताकद कमी होते. ही किंमत कुठल्याच डोपिंगने पूर्ण चुकत नाही. हेटरोजंक्शन, झेड-स्कीम (दोन मटेरियल जोडून इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे नेणं) हे त्याच्यावरचेच उपाय आहेत, कागदावर सुंदर, पण दोन पावडरी नुसत्या एकत्र खलून झेड-स्कीमचा बाण काढलेली चित्रं मी इतकी बघितलीत की आता मी आधी विचारते, बाणाची ही दिशा तुम्ही मोजली कशी?

यूव्हीचाच वापर का चालतो आणि कुठपर्यंत चालतो, यासाठी फोटॉनचा जमाखर्च एकदा तरी करा, हा हिशोब मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडून पहिल्या आठवड्यात करून घेते. चांगल्या उन्हात १ चौरस मीटरवर साधारण १००० वॅट पडतात, त्यातलं यूव्ही ४ ते ५ टक्के, म्हणजे ४० वॅट धरा. हे तासाभरात होतात जवळपास ०.४४ मोल फोटॉन. त्यातून १ टक्का कामाचे निघाले तर ४.४ मिलिमोल. आता समोर ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर सीओडीचं (सीओडी म्हणजे घाण पूर्ण जाळायला लागणारा ऑक्सिजन) सांडपाणी ठेवा. ते पूर्ण जाळायला लिटरमागे ९.४ मिलिमोल ऑक्सिजन लागतो, आणि एका ऑक्सिजनला ४ इलेक्ट्रॉन, म्हणजे ३७.५ मिलिमोल. भागाकार करा. १ चौरस मीटर ऊन, साडेआठ तास, आणि साफ झालं १ लिटर. अख्खा दिवस! ऑक्सिजनच्या साखळी अभिक्रिया मदतीला येतात म्हणून प्रत्यक्षात थोडं बरं निघेल, पण दहापटीने बरं निघालं तरी १० लिटरच. कुणी कारखान्याचं कच्चं सांडपाणी नॅनोमटेरियल आणि उन्हाने साफ करून देतो म्हणालं तर हा भागाकार त्याच्यासमोर ठेवा. तेच काम बॅक्टेरिया हवा दिली की मुकाट्याने करतात.

पण तोच हिशोब शेवटच्या टप्प्याला लावा, म्हणजे जैविक प्रक्रिया होऊन बाहेर आलेलं पाणी, ज्यात कार्बामाझेपीनसारखी न पचलेली औषधं मायक्रोग्रॅममध्ये उरलीत. तिथे मोडायचं आहे लिटरमागे काही नॅनोमोल. वाटेकऱ्यांमुळे शेकडोपट रॅडिकल वाया गेले (१ मायक्रोग्रॅमला तुमच्या त्या विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट एकटंच औषधाच्या ९०० पट खातं) तरी आकडा हाताबाहेर जात नाही. फोटोकॅटॅलिसिसची खरी जागा ही आहे. कमी पाणी, कमी प्रदूषक, पण हट्टी प्रदूषक. किंवा आधी कार्बनवर किंवा झिओलाइटवर गोळा करा आणि मग त्या थोड्याशा जागेवर प्रकाश टाका, हा मार्ग मला सगळ्यात जास्त पटतो.

लॅम्प लावणार असाल तर विजेचा हिशोब वेगळा. आमच्यात त्याला ईईओ म्हणतात, १ घनमीटर पाण्यातलं प्रदूषक दहापट कमी करायला किती युनिट वीज लागली ते. ओझोन किंवा यूव्ही आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा मधला आकडा १ युनिटच्या खाली असतो आणि प्रकाशित झालेल्या यूव्ही फोटोकॅटॅलिसिसच्या प्रयोगांचा मधला आकडा १०० च्या वर. यात लॅबच्या बेढब रचनेचा दोष मोठा आहे, ३०० वॅटचा लॅम्प आणि १०० मिलिलिटरचा बीकर घेतला की असंच येणार, पण मग तुमच्या प्रयोगातही ईईओ काढा आणि लिहा. तो लिहिला की आपोआप कळतं कुठे सुधारायचं, आणि बहुतेक वेळा उत्तर लॅम्प आणि बीकर हेच निघतं, पावडर नाही. आणि लॅम्प नुसता जोरात करून प्रश्न सुटत नाही, कमी प्रकाशात वेग प्रकाशाच्या प्रमाणात वाढतो, पण जास्त प्रकाशात फक्त वर्गमुळाने, कारण इलेक्ट्रॉन-होल एकमेकांना जास्त भेटायला लागतात. चौपट वीज आणि दुप्पट काम.

पावडर परत कशी काढायची हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण तो येणारच आहे. २० नॅनोमीटरचा कण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून आरामात जातो, खाली बसत नाही, आणि पाण्याबरोबर पुढे कुणाच्या तरी पोटात किंवा नदीत जातो. स्पेनमध्ये अल्मेरियाला सोलर प्लॅटफॉर्मवर काचेच्या नळ्या आणि वक्र आरशांच्या रिअॅक्टरमध्ये वर्षानुवर्षं काम झालंय, तिथे लिटरला ०.२ ग्रॅमच टायटॅनिया वापरतात, कारण नळी जाड असली की जास्त पावडरने आतला भाग अंधारात जातो. बीकरमध्ये १ ग्रॅम उत्तम निघाला म्हणून नळीतही १ ग्रॅम, असं होत नाही, ते प्रकाश किती खोल जातो त्यावर ठरतं. कॅनडातल्या प्युरिफिक्स कंपनीने पावडर पाण्यात फिरवून सिरॅमिक मेम्ब्रेनने परत गोळा करायची यंत्रणा बाजारात आणली, म्हणजे ते होतं, पण मेम्ब्रेनचा खर्च आणि पंप धरून. मॅग्नेटिक कोर हा थीसिसमधला आवडता उपाय, चालतो, फक्त लोहाचा ऑक्साइड आणि टायटॅनिया यांच्यामध्ये सिलिकाचा थर द्या, नाहीतर इलेक्ट्रॉन लोहाकडे जातात आणि लोह पाण्यात सुटायला लागतं.

दुसरा रस्ता म्हणजे काचेवर, मण्यांवर लेप. गाळायची कटकट नाही, पण मग प्रदूषकाला लेपापर्यंत यावं लागतं आणि रॅडिकल इतका क्षणभंगुर आहे की तो काही त्याला शोधायला जात नाही. साध्या औषधाचा रेणू स्थिर पाण्यात १ मिलिमीटर जायला साधारण १५ मिनिटं घेतो, आणि १० मायक्रोमीटर जायला ०.१ सेकंदही नाही. पावडर पाण्यात पसरलेली असते तेव्हा दोन कणांमधलं अंतर मायक्रोमीटरमध्ये असतं, म्हणून ती जिंकते. लेप वापरायचा तर पाण्याचा थर पातळ ठेवा, पाणी घुसळत ठेवा. माझ्या एका पायलटमध्ये लेप दिलेल्या नळ्या पहिला आठवडा सुंदर चालल्या, तिसऱ्या आठवड्यात आकडे निम्म्यावर आले, उघडून बघितलं तर आत पांढरा थर, पाण्यातल्या कॅल्शियमचा, आणि वाकावर चिकट बुळबुळीत जीवाणू. आम्लाने धुतलं, पांढरं गेलं, आणि लेपाचे तुकडेही गेले. त्या दिवसापासून मी कुठल्याही लेपाची परीक्षा आधी कडक पाण्यात महिनाभर ठेवून घेते, डायवर नंतर.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. एचपीएलसीवर (पाण्यातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर) कार्बामाझेपीनचा पीक गेला म्हणजे कार्बामाझेपीन गेलं, पाणी साफ झालं असं नाही. त्याच्यापासून वाटेत अॅक्रिडीन तयार होतं, आणि ते मूळ औषधापेक्षा जास्त विषारी आहे. अॅट्राझिन या तणनाशकाचं तर टायटॅनियावर सायन्युरिक अॅसिडपर्यंत येऊन गाडं थांबतं, ती रिंग पुढे फुटतच नाही, कितीही तास प्रकाश टाका. सुदैवाने सायन्युरिक अॅसिड फारसं विषारी नाही, पण प्रत्येक वेळी सुदैव असेलच असं नाही. म्हणून दर सॅम्पलला टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) मोजा. १०० मायक्रोग्रॅमला टीओसी मशीन काही दाखवणार नाही, त्यासाठी एक वेगळा संच १० मिलिग्रॅमवर चालवा, फक्त वाटेतली उत्पादनं बघायला. आणि जमलं तर डॅफ्नियावर (पाण्यातला एक छोटा जीव) किंवा चमकणाऱ्या बॅक्टेरियावर टॉक्सिसिटी, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. मधला सॅम्पल सगळ्यात महत्त्वाचा, विषारीपणा आधी वाढून मग उतरतो आणि लोक नेमके मध्येच थांबतात कारण पीक तोपर्यंत गेलेला असतो.

धातू आणि पीएफएएस (सहज न मोडणारी फ्लोरिनची रसायनं) यांच्याबद्दल दोन ओळी, कारण तुम्ही शेवटी ‘सगळ्या प्रदूषकांवर’ असं लिहिलंय. क्रोमियम ६ चं क्रोमियम ३ इलेक्ट्रॉनने होतं, आम्लात चांगलं होतं, आणि आर्सेनिक ३ चं आर्सेनिक ५ होतं म्हणजे पुढे ते पकडणं सोपं जातं, पण धातू नष्ट होत नाही, तो पाण्यातून काढायचं काम उरतंच. पीएफओएसारख्या फ्लोरिनच्या रसायनांना हायड्रॉक्सिल रॅडिकल जवळपास हातच लावू शकत नाही, त्यामुळे साधा टायटॅनिया तिथे चालत नाही, त्याची केमिस्ट्री वेगळी आहे, तिकडे आत्ता जाऊ नका.

तर आत्ता क्रम असा ठेवा. आधी विहिरीच्या पाण्याचं अल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेट), क्लोराइड, फॉस्फेट, पीएच आणि सेंद्रिय कार्बन मोजून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मग डिस्टिल्ड वॉटरमधलं कार्बामाझेपीन, वर सांगितलेल्या तीन प्रकाशांत, पी-२५ शेजारी ठेवून. मग त्याच डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकेक करून नुसतं सोडियम बायकार्बोनेट ४ मिलिमोल घाला (पीएच सांभाळून), मग वेगळ्या बीकरमध्ये नुसतं क्लोराइड, मग नुसतं कॅल्शियम, म्हणजे कोण किती अडवतंय ते वेगवेगळं दिसेल. बायकार्बोनेटने वेग साधारण दहापट पडला तर तो हिशोबातलाच आहे, पृष्ठभागाचा दोष नाही. क्लोराइडने एकदम मेला तर सिल्व्हर काढून टाका. गाईडना हा आलेख दाखवा, मटेरियल बदलायचं की पाणी आधी बदलायचं (म्हणजे पीएच, कडकपणा, आधीची गाळणी) हे त्यावरून दोघांनाही कळेल. आकडे आले की मला पाण्याच्या रिपोर्टसकट पाठवा, नुसते टक्के नकोत, वेळेनुसार कॉन्सन्ट्रेशन आणि लॅम्पची तीव्रता सॅम्पलच्या जागी मोजलेली, मग विजेचा हिशोब मी तुमच्याबरोबर बसून करून देईन.